आई-बाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुंबईत जेवायला कुठे न्यावं : मास्क, वसाबी की बॉम्बे कॅन्टीन?

तुम्ही पुण्याहून येणार, आई-बाबा साठी ओलांडलेले, आणि ‘यातलं सगळ्यात भारी कुठलं’ असं विचारलंय. मी आधी उलट विचारतो: बाबा रात्री किती वाजता जेवतात आणि एका खुर्चीवर किती वेळ बसू शकतात? माझं उत्तर त्यावरच ठरेल.

मास्क महालक्ष्मीला आहे, लक्ष्मी वुलन मिलच्या आवारात. २०१६ साली सुरू झालं. आशियातल्या पन्नास उत्तम रेस्तराँच्या यादीत २०२३ ला सोळावं आणि भारतातलं पहिलं होतं. (मिशेलिन या नावाजलेल्या रेस्तराँ-गाइडचे तारे शोधत बसू नका, ते गाइड भारतातल्या रेस्तराँना तारे देत नाही.) तिथे आपण काही मागवायचं नसतं. शेफने ठरवलेले दहाएक पदार्थ एकामागून एक येतात, घास-दोन घासांचे, आणि दरवेळी कोणीतरी येऊन त्यात काय आहे, कुठून आणलंय ते सांगतं. खाण्याचं वेड असेल तर नक्की जा. पण ते तुम्ही दोघांनी, वेगळ्या दिवशी.

हे मी अनुभवाने सांगतोय. अशाच पद्धतीच्या एका ठिकाणी (नाव सांगत नाही, चूक पूर्णपणे माझी होती) आई-बाबांना घेऊन गेलो होतो. बुकिंगच्या वेळी फोनवर विचारलं, ‘कसली ॲलर्जी?’ मी म्हटलं, काही नाही. व्हेज-नॉनव्हेज काय ते सांगितलं. साडेसातला टेबलावर बसलो, पहिली ताटली आली आणि आई हळूच म्हणाली, ‘अरे, आज संकष्टी आहे.’ चंद्रोदय नऊ वाजून काही मिनिटांनी! आई पाण्याचा ग्लास पुढ्यात घेऊन बसलेली आणि आम्ही बाकीचे तिच्यासमोर शेवाळ्यासारखं काहीतरी चिमट्याने लावलेली बिस्किटं खातोय. वेटर मुलगा साताऱ्याकडचा निघाला. त्याने काही न बोलता आईच्या ताटल्या आत मागे ठेवायला लावल्या, नऊनंतर बाहेर जाऊन चंद्र दिसतोय का बघून आला, आणि मग एकेक आणून वाढलं. बाबांनी मात्र सातव्या पदार्थाला विचारलंच, ‘भात असतो का यांच्याकडे?’

वसाबी ताज महाल पॅलेसमध्ये, २००४ पासून. जपानी शेफ मासाहारू मोरिमोटो यांच्या नावाचं. कच्चा मासा तुमच्या घरी चालत असेल तरच. आमच्याकडे मासा म्हणजे सुरमई, तीही रवा लावून तळलेली, त्यामुळे मी त्या वाटेला गेलो नाही.

तिघांमधलं आई-बाबांसाठी सोयीचं बॉम्बे कॅन्टीन. लोअर परळला कमला मिलमध्ये, २०१५ पासून. ते उभं करणाऱ्यांपैकी शेफ फ्लॉइड कार्डोझ मूळचे मुंबईचेच, २०२० मध्ये कोविडने गेले. पदार्थ आपल्याच ओळखीचे, जरा नव्या अंगाने केलेले. एग्ज केजरीवाल मागवा: टोस्टवर चीज, अंडं आणि हिरवी मिरची. हवं ते मागवता येतं, मधेच उठता येतं. फक्त रात्री कलकलाट फार, म्हणून दुपारीच जा.

तुम्ही न विचारलेलं एक नाव सांगतो, कारण मी असतो तर तिथेच नेलं असतं: ताजमधलाच सी लाउंज, संध्याकाळच्या चहाला. खिडकीतून गेटवे आणि बोटी दिसतात. सँडविच-केकबरोबर भेळ, शेवपुरीही असते, म्हणजे बाबांचं भागलं. मुंबईतल्या कितीतरी घरांची मुलं-मुली बघायची बोलणी तिथे झाली आहेत, तेव्हा चाळिसावा वाढदिवस तिथे शोभतोही. रात्रीचं रीतसर जेवणच हवं असेल तर त्याच हॉटेलात गोल्डन ड्रॅगन आहे, १९७३ चं, सेचुआन चायनीज. मधे ठेवून वाटून खाता येतं आणि भातही असतो.

बिलाचं आधीच सांगून ठेवतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे, तिथल्या रेस्तराँत १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या स्वतंत्र रेस्तराँत ५ टक्के. पंधरा हजारांच्या जेवणावर हा फरक १,९५० रुपयांचा होतो. मेन्यूवरच्या किमती बहुतेक कर सोडून असतात. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं सांगितलं आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. बिलात आपोआप लावला असेल तर काढायला सांगता येतो. मी एरवी सांगतोच. संकष्टीच्या त्या रात्री नाही सांगितलं.