कालव्याचे पाणी आणि कोथिंबिरीची जुडी

प्रश्न : आमची शेती दौंड तालुक्यात असून बेबी कालव्याच्या पाण्यावर आम्ही कोथिंबीर, मेथी आणि मुळा घेतो. पुण्याच्या सांडपाण्यातून येणाऱ्या या पाण्यात प्रतिजैविक औषधांचे अंश असतात, असे मुलगी महाविद्यालयात ऐकून आली. मग आमच्या भाजीतून लोकांच्या पोटात औषध जाते का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : पाण्यात औषधांचे अंश असणे अगदी शक्य आहे. अ‍ॅमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाच्या गोळीचा निम्म्याहून अधिक भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) कालव्यात येणारे पाणी प्रक्रिया केलेले असले, तरी प्रक्रिया केंद्रांची रचना मुख्यतः सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी असते, औषधे वेगळी काढण्यासाठी नव्हे. मुळांवाटे यातील थोडे अंश पिकात शिरतात. परंतु एका गोळीच्या तुलनेत ते इतके नगण्य असतात, की ही भीती मला दुय्यम वाटते.

खरी चिंता औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंची आहे. पाण्यात औषध असले, की असेच जिवाणू तगून राहतात. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राबाहेरील पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक आढळल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहूनही हे प्रमाण अधिक होते. शहरी सांडपाण्यात औषध त्याच्या कितीतरी पट कमी असते, पण माणसांच्या आतड्यांतले असे जिवाणू त्यातून भरपूर येतात.

आता पहाटेची काढणी आठवा. मुळांची माती जावी आणि पाला टवटवीत दिसावा म्हणून कोथिंबिरीच्या जुड्या कालव्यात बुचकळून क्रेटमध्ये रचल्या जातात. शेतात पानावर उडालेल्या पाण्यातले बरेच जिवाणू उन्हाने मरतात. या बुचकळण्यानंतर मात्र ऊन लागतच नाही. ओल्या गोणपाटाखाली ते बाजारापर्यंत जिवंत राहतात आणि कोथिंबीर तर पोह्यांवर कच्चीच पडते. माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे, की बाकी काही जमो वा न जमो, ही शेवटची बुचकळणी आजपासून बंद करावी.

मेथी शिजवली जाते आणि नीट शिजवल्यावर जिवाणू मरतात, त्यामुळे तिची काळजी कमी. कोथिंबीर आणि मुळा यांना मात्र पाटपाण्याऐवजी ठिबक वापरावे, काढणीपूर्वीच्या शेवटच्या पाळ्या विहिरीच्या पाण्याच्या द्याव्यात आणि कालव्याचे पाणी उसाला वळवावे. काढणीपूर्वी काही दिवस सांडपाणी थांबवण्याचा उपाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. विहीर कालव्यालगत असेल, तर तिच्यातही पाझर येऊ शकतो. म्हणून तिचे पाणी जुड्या धुण्यासाठी वापरण्यापूर्वी ई. कोलाय या आतड्यांतल्या, म्हणजेच मैलापाणी मिसळल्याची खूण असलेल्या जिवाणूंसाठी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.