वेल्सची रजई आणि आपली वाकळ

प्रश्न : ताई, मोबाईलवर ब्रिटनमधल्या वेल्सच्या जुन्या रजयांचे फोटो बघितले, सगळी नक्षी नुसत्या टाक्यांचीच. आईची सहा-सात सुती लुगडी जपून ठेवलीत, त्यातनं तसं काही जमेल का? – एक वाचक, कराड

उत्तर : जमेल की! अहो, वाकळीचाच धावदोरा आहे हा, फक्त आपण कडेनं सुरू करून चौकोनात आत आत जातो आणि त्या बायका मधोमध मोठा गोल काढून त्यात गोगलगायीच्या शंखासारखी चक्रं, पानं, बदाम भरायच्या, भोवतीनं बॉर्डर. आत बऱ्याचदा मेंढीची लोकर, तिकडं मेंढ्या चिक्कार ना. काही शिवणाऱ्या तर शेतकऱ्यांच्या घरी मुक्कामाला राहून रजया करून द्यायच्या. पुढं १९२८ पासून रूरल इंडस्ट्रीज ब्युरो या तिकडच्या ग्रामोद्योग संस्थेनं साउथ वेल्सच्या खाणींच्या भागातल्या बायकांना हे काम मिळवून दिलं, लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलातसुद्धा त्या रजया गेल्या!

तुम्ही वरचं कापड एकरंगीच घ्या, फुलाफुलांवर टाका दिसतच नाही, मी पहिल्यांदा तेच केलं आणि दोन महिन्यांची मेहनत कुणाला दिसलीच नाही. आत लुगड्याचे दोन-तीनच थर, जास्त घातले की सुई अडते. गोलाला ताट, पानाला पुठ्ठा, खुणा साबणाच्या चिपेनं करा, धुतल्यावर जातात. आधी सगळं लांब टाक्यांनी टाचून घ्या आणि मधनं सुरू करा, नाहीतर चुण्या पडतात आणि मग उसवत बसा.