काडीवर ऑइल वाढलंय, ते ऑइल नाही

दादा, तुमचे दोन प्रश्न. ट्रॅक्टरच्या बादलीतलं १५डब्ल्यू-४० ऑइल बीएस-६ (धुराचे कडक सरकारी नियम) डिझेल गाडीत चालेल का? आणि सर्व्हिसनंतर काडीवर, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर, ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं कसं? दुसऱ्याची घाई जास्त आहे.

वाढलंय ते बहुधा डिझेल. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, बसला. त्यात काजळी अडकते, आणि भरत आली की गाडी ती सहाशेएक अंशांवर जाळते. एवढी उष्णता आणायला अनेक इंजिनं सिलेंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात. त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली ऑइलमध्ये उतरतं. हायवेवर काजळी जाळायचं हे काम एकदाच, पूर्ण होतं. घर ते मळा, मळा ते डेअरी अशा चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते दरवेळी अर्धवट सुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ऑइल पातळ होतं, मग बेअरिंग आणि टर्बोची वाट लागते. माझ्याही गाडीत हेच चाललं होतं, आणि मी मात्र ‘आपली गाडी ऑइल खात नाही’ म्हणून महिनाभर मिरवत होतो!

काडीचा वास घ्या, डिझेलचा वास आला तर शंका नको. ऑइल-फिल्टर दोन्ही बदला. पुढं आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर काढा. थांबल्यावरही पंखा जोरात फिरत असेल, आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग) चढलेलं असेल, तर काजळी जळतेय, लगेच चावी काढू नका. नुसतं काळं ऑइल मात्र मनावर घेऊ नका. डिझेलमध्ये ते चार दिवसांत काळं होतंच.

आता बादली. १५डब्ल्यू-४० हा फक्त दाटपणा झाला, खरी गोष्ट मागच्या बारीक अक्षरांत असते. ऑइलमधल्या रसायनांची राख होते. काजळी जळून जाते, राख जळत नाही; ती डीपीएफमध्ये कायमची बसते. म्हणून एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) च्या सी३ दर्जात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. जुन्या सीएफ-४, सीएच-४ दर्जाच्या ऑइलवर असं बंधन नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच दर्जा घ्या, महाग पडला तरी. आणि ती बादली इंजिन ऑइलचीच आहे ना? ट्रॅक्टरच्या गिअर-हायड्रॉलिकचं ऑइलही तशाच बादलीत येतं.

शेतावरच्या बॅरलमधलं डिझेल गाडीत घालत असाल तर तेही सांगतो. कॉमन रेलच्या (आजच्या डिझेल गाड्यांतली जास्त दाबाची इंधन यंत्रणा) पंपाला वंगण म्हणजे डिझेलच. त्यात पाणी किंवा रॉकेल गेलं की पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात. बॅरल टेकू देऊन तिरका ठेवा, नळी तळापासून चार बोटं वर धरा. पावसाळ्यात फिल्टरखालचं पाणी सोडत जा.

उद्या सकाळी, गाडी थंड असताना, सपाट जागेवर काडी पुसून बघा. ऑइल काडीवरच्या मॅक्स खुणेच्या वर असेल तर ऑइल बदलेपर्यंत स्टार्टर मारू नका.