टॅप केलं की सोडायचं

"मॅडम, पोरगं आधीच हात उचलतंय. त्यात मारामारी शिकवली तर उद्या कुणाचं तरी डोकं फोडेल." शाळा सुरू झाल्या की साताऱ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ही काळजी हमखास येते. काही घरं नेमकी उलट बोलतात, "कराटेला घालतो, सगळी मस्ती उतरेल." गेल्या आठवड्यात पुन्हा एका आईने हेच विचारलं, तेव्हा मला एक जुनं कुटुंब आठवलं. त्यांना विचारूनच लिहिते आहे. नावं देत नाही, काही तपशीलही बदललेत.

मुलगा सातवीत. वर्गातल्या एकाच्या नाकावर ठोसा मारून रक्त काढलं, म्हणून शाळेने पालकांना दुसऱ्यांदा बोलावलं होतं. माझ्याकडे आई, वडील आणि आजोबा असे तिघंही आले. तो स्वतः मान खाली घालून पेनाचं टोपण काढत-लावत बसला. आजोबा कराडकडचे. त्यांचं मत ठाम होतं, "तालमीत घाला. पहाटे उठून शंभर जोर मारले की अंगातली रग जिरते. आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ऑलिंपिकचं कुस्तीतलं पदक आणलं ते मातीतनंच की!" आईला मात्र भीती वाटत होती, आणि वडील गप्प होते.

रग जिरवली की राग जिरतो, असं आपल्याकडे सगळेच मानतात. मीही पूर्वी मुलांना उशीला बुक्के मारायला सांगायचे. ते चुकीचं होतं. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक शांत बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. त्याआधी १९८६ मध्ये मायकेल ट्रुलसन यांनी गुन्हेगारीकडे वळलेल्या किशोरवयीन मुलांवर अभ्यास केला होता. एका गटाला पारंपरिक पद्धतीने, आदर, संयम आणि ध्यानासह तायक्वांदो शिकवलं. दुसऱ्या गटाला फक्त लढायचं तंत्र दिलं. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता कमी झाली होती, दुसऱ्याची वाढली होती. अभ्यास लहान होता, पण मला रोजच्या कामात दिसतं ते त्याच्याशी जुळतं. म्हणून आईची भीती खोटी नव्हती. कराटे की कुस्ती यापेक्षा शिकवणारा कोण आहे, हे मी आधी बघायला सांगते.

घराजवळ ज्युदोचा क्लास होता. मी म्हटलं, फी भरण्याआधी एक अख्खा तास नुसतं बसून बघा. मोठ्या मुलाने लहान मुलाला खाली दाबलं की सर काय करतात, तेवढंच बघा. त्यांना ते पटलं आणि नाव घातलं.

महिन्याने आईचा वैतागून फोन आला. "नुसतं पडायला शिकवतायत हो! फी कशाची घेतात?" पुढच्या भेटीत मी मुलाला म्हटलं, दाखव बघू. त्याने सतरंजीवर हनुवटी छातीला टेकवली, गोल पाठीवर मागे लोळला आणि दोन्ही हात फटकन जमिनीवर आपटले. "याला उकेमी म्हणतात. डोकं वाचतं." माझ्या डोळ्यांत बघून तो पहिल्यांदाच बोलत होता. मग थांबेनाच. जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये टोकियोत ज्युदो सुरू केला, 'हाजिमे' म्हटलं की सुरू, 'मात्ते' म्हटलं की थांब, सगळं सांगून झालं.

पुढे पकडी सुरू झाल्या. खाली दाबला गेलेला मुलगा हाताने दोनदा थोपटतो, मॅटवर किंवा जोडीदाराच्या अंगावर. मुलं त्याला टॅप म्हणतात. टॅप झालं की वरच्याने त्या क्षणी सोडायचं. एकदा याने सोडायला उशीर केला. सर ओरडले नाहीत. उरलेला तास त्याला कडेला बसवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलाबरोबर जोडी लावली. "मॅडम, तो परत माझ्याशी खेळायला घाबरत होता," हे त्याने आपणहून सांगितलं, आणि सांगताना त्याचा गळा दाटून आला. ज्याच्या नाकातून रक्त काढलं, त्या मुलाबद्दल तो तोवर एकदाही असं बोलला नव्हता.

आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग तालमीत काय वेगळं होतं? वस्तादानं 'सोड' म्हटलं की सोडायचंच."

तिसऱ्या महिन्यात तो हळूच म्हणाला, "घरी टॅप चालत नाही." म्हणजे काय रे, विचारलं. "बाबा मारायला लागले की मी सॉरी म्हणतो. तरी थांबत नाहीत."

वडिलांना एकट्याला बोलावलं. आधी ते चिडले, त्याच्या भल्यासाठीच करतो म्हणाले. मी वाद घातला नाही. शनिवारी क्लासला जाऊन बसा, एवढंच सांगितलं. परत आले तेव्हा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. "दहा वर्षांचं पोरगंही सोडतं हो," म्हणाले.

मग घरात एक ठरलं. मारणं पूर्ण बंद. बोलणं असह्य झालं की कुणीही टेबलावर दोनदा थोपटायचं, दोघांनीही गप्प व्हायचं, वीस मिनिटांनी तोच विषय पुन्हा घ्यायचा. विषय सोडून द्यायचा नाही, हे मी दोनदा बजावलं. पहिल्याच आठवड्यात पोराने गृहपाठ टाळायला चार वेळा टॅप केलं. वडील वैतागले, पण दर वेळी वीस मिनिटांनी वही घेऊन परत आले. दिवाळीत त्याने चुलतभावाला एक ठेवून दिली, तेही सांगायला हवं. शाळेतून मात्र त्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं नाही.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, आता टॅप कोण जास्त करतं?

"परवा बाबांनीच केलं. मी मोबाइलपायी भांडत होतो, खूप बोललो त्यांना. त्यांनी ताटाशेजारी दोनदा हात आपटला."

"मग?"

"मग काय? सोडलं लगेच."