कॅबिनेट गंजलंय पण मशीन ठणठणीत, आता काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोपरखैरण्याला सिडकोच्या बैठ्या घरात राहतो आणि घरूनच डीटीपी करतो, लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, सत्यनारायणाची आमंत्रणं असं सगळं. पीसी २०१३ साली असेंबल करून घेतलेला, आय फाइव्ह ३४७०, एच ६१ चा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, मधे कधीतरी एक एसएसडी टाकली. मशीन अजून छान चालतंय, पण कॅबिनेट खिडकीखाली जमिनीवर असायचं, पावसाचं पाणी उडून उडून तळ गंजला, पापुद्रे निघतायत. पॉवरचं बटण तर आतच गेलंय, आगपेटीची काडी खोचून चालू करतो. दुकानदार म्हणतो काका आता नवीनच घ्या. पण माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं, डोंगलवर म्हणजे लायसनची छोटी किल्ली पोर्टला लावून चालणारं, ते नव्या मशीनवर चालेल की नाही कोण सांगणार? नुसतं कॅबिनेट बदललं तर विंडोज परत टाकावी लागते का? आणि माझं मला जमेल का? स्क्रूड्रायव्हर धरता येतो एवढंच ज्ञान.

उत्तर : दादा, विंडोज परत टाकावी लागत नाही. विंडोजचं ॲक्टिव्हेशन मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, पत्र्याच्या डब्याशी नाही, त्यामुळे बोर्ड तोच, डिस्क तीच असेल तर विंडोजला आपण घर बदललंय हे कळतसुद्धा नाही आणि डोंगलचंही काही बिघडत नाही. जमेल का म्हणाल तर जमेल, दुपार मोकळी ठेवा.

पण कॅबिनेटपेक्षा मला तुमच्या हार्डडिस्कची जास्त काळजी वाटतेय. २०१३ ची डिस्क म्हणजे तिचं वय झालं, आणि तिच्यात तुमच्या सगळ्या पत्रिका. मशीन उघडायच्या आधी बाहेरच्या डिस्कवर सगळं कॉपी करून ठेवा. हे झाल्याशिवाय पुढचं वाचू नका असं म्हणणार होते, पण तुम्ही वाचणारच.

कॅबिनेट घेताना. तुमचा बोर्ड बहुतेक मायक्रो एटीएक्स असणार (एटीएक्स म्हणजे बोर्ड आणि कॅबिनेटच्या मापाचा ठरलेला नमुना, मायक्रो म्हणजे त्यातला छोटा), म्हणजे जास्तीत जास्त २४४ बाय २४४ मिलीमीटर, एच ६१ चे बरेच बोर्ड तर रुंदीला त्याहून कमीच असतात. एटीएक्सचं माप १९९५ पासून ठरलेलं आहे आणि भोकांच्या जागा त्याच, म्हणून २०१३ चा बोर्ड आजच्या कॅबिनेटमध्ये आरामात बसतो. साधं, जाळीच्या तोंडाचं, मिनी टॉवर घ्या. काचेचं नको, तुम्हाला पत्रिका छापायच्यात, आतली लायटिंग कोणाला दाखवायचीय! दोन गोष्टी आधी बघा मात्र. एक, आजकालच्या बऱ्याच कॅबिनेटना डीव्हीडी रायटर बसवायची जागाच नसते, जुनी कामं सीडीवर असतील तर जागा असलेलं शोधा किंवा यूएसबीचा बाहेरचा रायटर घ्या. दुसरं, पुढच्या यूएसबीची जाड निळी १९ पिनांची वायर येते ती लावायला एच ६१ च्या बोर्डवर सहसा सॉकेटच नसतो, कारण त्या चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये, मुळात यूएसबी ३ नाहीच. १९ पिनातून ९ पिनात आणणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो, स्पीड जुनाच मिळेल पण पुढचं पोर्ट तरी चालेल. वाशीत नाही मिळाला तर लॅमिंग्टन रोडला नक्की, फक्त रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात आणि ग्रँट रोडपर्यंतचा हेलपाटा फुकट जातो.

आता एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. तुमचा कॅबिनेटबरोबरच फुकट आलेला असणार, वर ४५० वॅट असं मोठ्ठं लिहिलेलं. तो मोठा आकडा सोडा, बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. १६ अँपिअर असतील तर १९२ वॅट, झालं, खरा जोर तेवढाच. तुमचा प्रोसेसर ७७ वॅटचा, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, म्हणजे तेवढ्यातही भागतं, मुद्दा तो नाहीये. मुद्दा हा की एवढी वर्षं जमिनीवरची धूळ आणि ओल खाल्लेला स्वस्त एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, कधी कधी बोर्डाला घेऊन जातो, आणि तुमच्या बोर्डासारखा बऱ्या कंपनीचा नवा बोर्ड आता सहजी मिळत नाही. माझं मत विचाराल तर कॅबिनेटमध्ये पाचशे वाचवा आणि एसएमपीएस बऱ्या कंपनीचा, ८० प्लसवाला, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा असा शिक्का असलेला घ्या. जुना अजिबात खोलून बघू नका, वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात.

काम सुरू करताना आधी चालू मशीनवर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये जा आणि मोबाईलने एकेका पानाचा फोटो काढा, विशेषतः साटा मोड (बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ती सेटिंग) आयडीई आहे की एएचसीआय ते. कारण एवीतेवी मशीन उघडलंयच तर बोर्डवरचा नाण्यासारखा सीआर २०३२ सेल बदलून टाकाल, सेल काढला की बायोस डिफॉल्टला जातं, मोड बदलू शकतो, आणि मग विंडोज निळा स्क्रीन दाखवून परत परत रिस्टार्ट होत बसते आणि माणसाला वाटतं आपण बोर्ड जाळला. काही जळलेलं नसतं, मोड पूर्वीसारखा करा, चालू होतं.

मग प्लग काढा, सगळ्या वायरींचे फोटो, आणि खालच्या कोपऱ्यातल्या त्या बारीक वायरींचे तर दोन-दोन, जवळून. पॉवर स्विच, रिसेट, हार्डडिस्कचा दिवा, पॉवरचा दिवा. स्विचच्या वायरी उलट्या लागल्या तरी चालतात, दिव्यांच्या उलट्या लागल्या तर दिवा लागत नाही, बाकी काही होत नाही. नवीन कॅबिनेटच्या वायरीवर नावं असतातच, बोर्डवर कुठली पिन कुठली तेवढं फोटोवरून जुळवा.

बोर्ड काढताना रॅम आणि प्रोसेसरचा पंखा तसाच ठेवा, सगळं एकसंध उचला. पंखा हलवलात तर खालची पेस्ट सुटते आणि नवीन लावावी लागते, उगाच काम वाढवू नका. गंजाचा भुगा बोर्डवर पडलेला असेल तर रंगाच्या कोरड्या ब्रशने हलकेच झाडा. आणि जुन्या कॅबिनेटमधून दोन वस्तू विसरू नका : मागची पोर्टांची पत्र्याची पट्टी, ती त्याच बोर्डाच्या मापाची असते, नव्यात मिळत नाही, बाहेरून आत ढकलली की सुटते. आणि तो इवलासा बीप वाजवणारा बझर. नव्या कॅबिनेटमध्ये तो बहुधा नसतोच, आणि मशीन अडलं की तोच सांगतो रॅमचं दुखणं आहे की आणखी कशाचं.

नव्यात आधी पट्टी बसवा, मग पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खांब. ते फक्त बोर्डला भोक आहे तिथेच, जास्तीचा एकही बोर्डखाली ठेवायचा नाही. माझ्या काउंटरवर एक मुलगा असाच घाबरून आला होता, बटण दाबलं की पंखा एक सेकंद फिरायचा आणि बंद, फिरायचा आणि बंद. बोर्डखाली एक जास्तीचा स्टँडऑफ बरोबर सोल्डरिंगला टेकलेला. नशीब थोर, बोर्ड वाचला.

वायरी लावताना २४ पिनांची मोठी कोणी विसरत नाही, प्रोसेसरजवळची ४ पिनांची विसरतात. हसू नका, नौपाड्यात दुकान टाकल्यावर पहिल्याच आठवड्यात मी स्वतः विसरले होते आणि गिऱ्हाइकासमोर अर्धा तास घाम गाळला, पंखे फिरतायत, डिस्प्ले नाही. बऱ्याच नव्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस खाली बसतो, म्हणून ही वायर वरपर्यंत कधी कधी पुरत नाही, एक एक्स्टेंशन सोबतच आणून ठेवा. चालू झालं आणि तरी डिस्प्ले नसेल तर प्लग काढून रॅम काढा, सोनेरी पट्टी स्वच्छ खोडरबरने घासा, दोन्ही बाजूंनी टक होईपर्यंत परत बसवा. दहातले सात वेळा तेवढंच असतं.

जुना पत्रा भंगारवाल्याला द्या, एसएमपीएस आणि सेल मात्र ई-कचरा घेणाऱ्यांकडे. आणि नवीन कॅबिनेट परत खिडकीखाली जमिनीवर ठेवणार असाल तर हे सगळं करूच नका! टेबलावर ठेवा, नाहीतर निदान वीतभर उंच स्टूल द्या.

प्रश्न : ताई, मी वर्तकनगरला राहतो, बारावीत आहे. मामाच्या ऑफिसमधला जुना ब्रँडेड छोटा डेस्कटॉप मला मिळालाय, त्याचे पार्ट आरजीबीवाल्या (रंगीत दिव्यांच्या) काचेच्या कॅबिनेटमध्ये टाकायचेत. होईल ना?

उत्तर : बाळा, बहुतेक नाही. ऑफिसचे ब्रँडेड छोटे डेस्कटॉप असेंबल केलेल्या पीसीसारखे नसतात, बोर्डाचं माप कंपनीचं स्वतःचं, एसएमपीएसचा कनेक्टर २४ ऐवजी भलत्याच पिनांचा, पुढच्या बटणाची वायरही वेगळी, आणि काहींचा मूळ पंखा काढला की दर वेळी चालू करताना एरर दाखवून थांबतात. बाजूचा पत्रा काढून बघ. मोठा कनेक्टर २४ पिनांचा आहे, मागची पोर्टांची पट्टी सुटी निघते आणि बोर्डाची भोकं तुला हव्या असलेल्या कॅबिनेटशी जुळतायत, तिन्ही गोष्टी असतील तरच पुढे जा. नाहीतर कॅबिनेटच्या पैशात आत्ता एक एसएसडी टाक, फरक तुला पहिल्याच दिवशी दिसेल, मामालाही दाखव.