‘ॲस्टरॉइड’मधला तारा

प्रश्न असा आहे: ‘मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात नवी उल्का सापडली’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि ‘ॲस्टरॉइड’चा अर्थ ‘ताऱ्यासारखा’ असेल, तर मराठीत त्याला ‘लघुग्रह’, म्हणजे ‘ग्रह’च, का म्हणायचं?

वाक्य साफ चूक आहे, आणि बातम्यांत ते इतक्यांदा भेटतं की चीड येते. वातावरणात शिरून पेटते ती उल्का, जमिनीवर येऊन पडतो तो अशनी. पट्ट्यात सूर्याभोवती फिरतोय तो लघुग्रह. तिथे उल्का सापडेलच कशी?

आता ‘ॲस्टरॉइड’. 1 जानेवारी 1801 रोजी सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेतून खगोलज्ञ पियाझीला या पट्ट्यातला पहिला गोल, सेरेस, दिसला. सिसिलीची धान्यदेवता म्हणून ‘सेरेस’ आणि तिथल्या फर्डिनांड राजाच्या मानाखातर त्याला जोडून ‘फर्डिनांडिया’. राजाचं नाव बाहेर कुणी चालू दिलं नाही. 1802 मध्ये खगोलज्ञ ओल्बर्सला तसाच दुसरा, पॅलस, सापडला. दुर्बिणीतूनही या दोघांची ग्रहासारखी तबकडी दिसेना, नुसता ठिपका. म्हणून खगोलज्ञ हर्शेलने ग्रीक ‘आस्तेर’ (तारा) वरून ‘ॲस्टरॉइड’ हा शब्द पुढे केला.

आणि हा ‘आस्तेर’ आपल्या ‘तारा’चा सख्खा भाऊ! ऋग्वेदात ‘पिपेश नाकं स्तृभिः’ असं येतं. अग्नी आकाश सजवतो ते ‘स्तृभिः’, म्हणजे ताऱ्यांनी. हा ‘स’ फारसी ‘सितारा’त टिकला, लॅटिन ‘स्टेला’त टिकला, ‘तारा’त मात्र गळला. तरी काही मंडळी अजून ‘तारा’ शब्द ‘तॄ’ धातूवरून, ‘तारून नेणारी’ असा लावतात. ऐकायला गोड आहे, पण मग वेदातल्या ‘स्तृ’चं काय करायचं? त्याकडे डोळेझाक केल्याशिवाय ही व्युत्पत्ती उभीच राहत नाही. कोशात छापली म्हणून ती खरी ठरत नाही.

राहिला ‘ग्रह’. हर्शेलचा शब्द पियाझीला मुळीच रुचला नाही. त्याचा कल ‘प्लॅनेटॉइड’, म्हणजे ‘ग्रहासारखा’, या शब्दाकडे होता. माझ्या मते पियाझीचंच बरोबर. हर्शेलने दिसणं पाहिलं, पियाझीने फिरणं. मराठी ‘लघुग्रह’ पियाझीच्या बाजूने उभा आहे आणि तो बदलण्याचं काही कारण नाही.

जाता जाता: लघुग्रहाला नाव देतात त्याला ‘नामांकन’ लिहू नका, ‘नामकरण’ लिहा. कक्षा पक्की झाली की आधी क्रमांक मिळतो, मग शोधकाला नाव सुचवता येतं. खगोलज्ञ पॉगसनने 1861 मध्ये मद्रासहून शोधलेला 67 क्रमांकाचा लघुग्रह आशिया खंडातून सापडलेला पहिलाच, म्हणून त्याचं नाव ‘आशिया’.