पान नऊ कुणी बदललं?

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची, नाशिकला राहते, चित्रकार आहे. साखरपुडा झालाय, लग्न तीन महिन्यांवर आलंय. तो लिहितो, मी चित्रं काढते. दोघांनाही जुन्या अमेरिकन कॉमिक्सचं वेड, म्हणून १९४३च्या वॉशिंग्टनमध्ये घडणारं तेरा पानांचं कॉमिक करायला घेतलं. जर्मन हेर सैन्यातल्या एका मेजरवर फितुरीचा आळ आणतात आणि आमची नायिका त्याला त्यांच्या तावडीतून वाचवते. कथानक दोघांनी मिळून रचलं. पण निम्मं काम झाल्यावर तो म्हणायला लागला, ‘बाई पुरुषाला सारखी वाचवते हे लोकांना पटत नाही, मेजर बुळा वाटतो.’ गेल्या आठवड्यात फाइल उघडली तर नवव्या पानावर नायिकाच नाही! मेजर एकटाच मारामारी करून सुटतो. मला विचारलंही नव्हतं. जाब विचारला तर म्हणाला, ‘एवढं काय त्यात, गोष्टीसाठीच केलं.’ आईला तर त्याने ‘माझं कॉमिक’ असंच सांगितलंय. मी गोष्ट बदलू, की हे लग्नाआधी दिसलेलं लक्षण समजू? सोबत मसुदा पाठवते आहे. – न., नाशिक

उत्तर :

प्रिय न.,

आधी पान नऊ. तुझं जुनं पान आजच परत जागेवर ठेव. त्याने बदललेलं पान पुसू नकोस, तारीख घालून वेगळ्या नावाने जपून ठेव. आणि हे करण्याआधी त्याला स्पष्ट सांग की तू काय करते आहेस. त्याने केलं ते गुपचूप होतं, तू करशील ते सांगून कर. गोष्ट कुणाची चांगली हा वाद नंतर. दोघांच्या कामात न विचारता हात घातला ही वेगळी चूक आहे, आणि गोष्ट सुधारली असती तरी ती चूकच राहिली असती.

आता गोष्टीकडे. तुझा मसुदा दोनदा वाचला. त्याचं निदान चुकलंय, पण दुखणं खरं आहे. तुझा मेजर दुसऱ्या पानावर गुंगीचं औषध पिऊन पडतो तो अकराव्या पानावर शुद्धीवर येतो. मधली आठ पानं नायिका त्याला खांद्यावर टाकून इकडून तिकडे नेते. बाईने वाचवल्यामुळे तो बुळा वाटत नाही. त्याला कामच दिलेलं नाही म्हणून वाटतो.

‘लोकांना पटत नाही’ या म्हणण्याला इतिहासाचा आधार नाही, हे त्याला शांतपणे दाखव. अमेरिकन कॉमिक्समधली महानायिका वंडर वूमन पहिल्यांदा आली ती ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात, मुखपृष्ठावर डिसेंबर १९४१–जानेवारी १९४२ अशी तारीख. लेखक विल्यम मोल्टन मार्स्टन, चित्रकार एच. जी. पीटर. त्यातला स्टीव्ह ट्रेव्हर गुप्तवार्ता खात्यातला अधिकारी, आणि तो पुन्हापुन्हा शत्रूच्या हाती सापडतो, ती पुन्हापुन्हा सोडवते. तरी १९४२च्या उन्हाळ्यात तिच्या नावाचं स्वतंत्र नियतकालिक निघालं. त्याच्याही आधी, एप्रिल १९४१मध्ये, टार्पे मिल्स या चित्रकर्तीने ‘मिस फ्युरी’ ही चित्रमालिका वृत्तपत्रांत सुरू केली होती, आणि लेखन-चित्रं दोन्ही तिचीच होती. पुरुषाची सुटका करणारी बाई हा काही आजचा हट्ट नाही. ट्रेव्हर सहन होतो, कारण हेरांची बातमी त्याच्याकडून येते. तो सापडतो तोही आपलं काम करताना.

मसुद्यातलं खरं भोक मात्र तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटलंय. हेर मेजरला मारायला का येतात? ज्याच्यावर आळ घेतला तो जिवंत राहून दोषी ठरणं त्यांच्या फायद्याचं आहे. तो मेला तर चौकशी उलट जोरात होईल. म्हणजे मध्ये असं काहीतरी घडायला हवं, की जिवंत मेजर त्यांना अचानक नकोसा व्हावा. हे ‘काहीतरी’ नायिका आणि मेजर दोघांनी मिळून घडवलं, की तुमचं भांडण निम्मं मिटतं.

कसं घडवायचं? सैनिकी न्यायालयाचा कायदा इथे तुझ्या मदतीला येतो. तेव्हा अमेरिकन सैन्याला १९२०चे ‘आर्टिकल्स ऑफ वॉर’ लागू होते. शत्रूशी पत्रव्यवहार किंवा त्याला मदत, हे ८१वं कलम; शिक्षा मृत्यूपर्यंत. तुम्ही मेजरवर ८२वं, हेरगिरीचं कलम लावलंय, ते बदला. जनरल कोर्ट-मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसत आणि मृत्युदंडासाठी सगळ्यांचं एकमत लागे. आरोपपत्र हाती पडल्यापासून पाच दिवसांच्या आत आरोपीच्या मर्जीविरुद्ध खटला उभा करायचा नाही, ही सवलत फक्त शांततेच्या काळात. युद्धात ती नाही. तेव्हा तुमचं घड्याळ टिकटिकायला बॉम्ब नको, ‘खटला परवा’ एवढं पुरे. आणि २४व्या कलमाने कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नसे. जबरदस्तीने काढलेली कबुली त्या खोलीत टिकत नाही. म्हणून नायिकेला ‘खरं बोलायला लावणारी’ कुठलीही जादू देऊ नकोस. दिलीस तर गोष्ट दोन चौकटींत संपते, आणि न्यायालयात तिचा उपयोगही होत नाही. तिची ताकद मेजरचा जीव वाचवेल. त्याचं नाव साफ होईल ते कागदानेच.

कागदाचा पुरावा कसा फिरतो, याचं एक खरं उदाहरण घे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर बाहुल्यांचं दुकान चालवणारी व्हेल्व्हली डिकिन्सन १९४२मध्ये जपानसाठी युद्धनौकांची माहिती ब्यूनोस आयरेसला पाठवत होती. बाहुल्यांबद्दलची साधी पत्रं, पण पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता तिच्या गिऱ्हाइकांचा. ब्यूनोस आयरेसच्या पत्त्यावर कुणी सापडलं नाही, पत्रं परत आली ती या निरपराध बायकांच्या घरी, आणि त्यांनी सांगितलं, ‘सही माझी नाही, मी हे लिहिलंच नाही.’ एफबीआयच्या प्रयोगशाळेने सह्या बनावट ठरवल्या. पत्रं वेगवेगळ्या टंकयंत्रांवर छापलेली होती, पण टंकनाच्या लकबी एकाच व्यक्तीच्या निघाल्या. त्या सगळ्या बायकांना जोडणारा धागा एकच, तिचं दुकान. २१ जानेवारी १९४४ला तिला अटक झाली आणि पुढे दहा वर्षांची कैद व दहा हजार डॉलर दंड झाला. तुमची गोष्ट १९४३ची, तेव्हा पात्रांच्या तोंडी हिचं नाव घालू नका. फक्त युक्ती घ्या.

ती युक्ती तुमच्या गोष्टीत उलटी बसव. हेर फितुरीचं पत्र मेजरच्याच कार्यालयातल्या टंकयंत्रावर छापतात. प्रत्येक यंत्राचा एखादा खिळा तिरका बसतो, एखाद्याचा कोपरा झिजलेला असतो, त्यामुळे तपासणारे छातीठोक सांगतात की पत्र याच यंत्रावरचं. फास पक्का. पण हाताने चालवायच्या यंत्रावर ठशाचा गडदपणा बोटाच्या जोरावर ठरतो. दहा बोटांनी छापणाऱ्या शिकलेल्या टंकलेखकाच्या करंगळ्या कमजोर पडतात. इंग्रजी ए, क्यू, झेड आणि पी ही अक्षरं फिकी उठतात. दोन तर्जन्यांनी ठोकणाऱ्या माणसाची सगळी अक्षरं सारखीच काळी. मेजर दोन बोटांनी छापतो. फितुरीच्या पत्रातला ए फिका आहे.

हे कोठडीत बसलेल्या मेजरने ओळखायचं. त्याने पत्राची प्रत बघायला मागायची, सगळ्यात आधी बघायचं ते अक्षरांकडे, आणि चौकशी अधिकाऱ्याला म्हणायचं, ‘माझा नमुना घ्या.’ हे त्याचं काम, ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही. पण मेजरचा आजचा नमुना पुरणार नाही, मुद्दाम तसं छापलं असं म्हणतील. आळ येण्याआधीचे, तारीख असलेले कागद हवेत. ते नायिका आणते. तिला रोजच्या वेशात त्याच मजल्यावरची टंकलेखिका कर. स्वतः दहा बोटांनी छापणारी असल्यामुळे करंगळीचा फिका ए तिला एका नजरेत कळेल. नमुना मागितल्याची खबर कार्यालयातल्या हेराला लागली, की जिवंत मेजर त्यांना परवडत नाही. आता ते कोठडीत येतील, आणि आत्महत्या वाटेल अशा बेताने येतील. कबुलीची चिठ्ठी सोबत आणतील; तीही त्याच हाताने छापलेली, म्हणजे तिथेही ए फिका. हा धागा शेवटी त्यांच्याच गळ्यात पडतो.

मेजरला पळवून मात्र नेऊ नकोस. पळाला की आळ खरा वाटतो, आणि मागे लागणारे काउंटर इंटेलिजन्स कोअरचे, म्हणजे सैन्याच्या हेरविरोधी दलाचे लोक (हे नाव १ जानेवारी १९४२पासूनचं) आपलेच असतात. नायिका त्यांना ठोसे लगावू शकत नाही. कोठडीच्या दाराशी ती उभी असताना आतून हेर आणि बाहेरून आपलेच शिपाई, दोघेही तिच्यावर बंदुका रोखून, हे चित्र तुला मिळतंय.

आणि हेच तुझं पान नऊ. ती दार अडवते, गोळ्या अंगावर घेते. मेजर उलटलेल्या दिव्याने पेटलेले नमुन्याचे कागद उघड्या हातांनी विझवतो. तिने माणूस वाचवला, त्याने पुरावा. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या पानातली मारामारी इथे लागत नाही. पण मेजर शुद्धीवर हवा हा त्याचा आग्रह बरोबर होता, आणि ते श्रेय त्याला मोकळ्या मनाने दे.

चित्रांबद्दल थोडं. पेंटागॉनचं उद्घाटन १५ जानेवारी १९४३चं, तेव्हा इमारत दाखवायला हरकत नाही. महिला सैनिकांचं सहायक दल ‘वॅक’ या नावाने पूर्णपणे सैन्याचा भाग झालं ते १ जुलै १९४३ला. गोष्टीचा महिना ठरव आणि मग तिच्या गणवेशावरची चिन्हं. ए-३वर काढून ए-४वर छापणार असशील तर सगळं सुमारे ७१ टक्के होतं, म्हणजे छापील १० पॉइंटसाठी मूळ कागदावर १४ पॉइंट अक्षर लागेल. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असल्याने ओळींत जागा जास्त सोड, आणि संवादाच्या एका फुग्यात २०–२५ शब्दांच्या वर जाऊ नकोस. तुझ्या चौथ्या पानावरच्या एका फुग्यात ६१ आहेत, तिथे मेजरचा चेहराच झाकला गेलाय. फितुरीचं पत्र संगणकाच्या फाँटने मुळीच करू नकोस, सगळी अक्षरं सारखी काळी येतील आणि गोष्टीचा पुरावाच नाहीसा होईल. जुनं टंकयंत्र मिळालं तर उत्तम. नाहीतर ए, क्यू, झेड, पी हाताने फिके कर. हे पत्र दुसऱ्या पानावर पूर्ण चौकटभर दाखव, काही न सांगता, म्हणजे वाचकाला मागे जाऊन तपासता येईल.

नायिकेच्या हातातली वंडर वूमनसारखी कडी, दोर आणि ताऱ्यांचा पोशाख काढून टाक. वंडर वूमनच्या १९४१च्या पहिल्या गोष्टीचे अमेरिकेतले हक्कच २०३६अखेरपर्यंत चालतात, आणि व्यापारचिन्हाचा हक्क त्याहून वेगळा.

आता लग्न. एका पानावरून मी ‘मोड’ म्हणणार नाही. तो काय करतो ते बघायला मात्र सांगेन. त्याला समोर बसवून दोन गोष्टी माग : न विचारता बदललं याबद्दल सरळ माफी, ‘गोष्टीसाठी’ हे शेपूट न लावता, आणि आईला त्याने स्वतः, तुझ्यादेखत सांगायचं की कॉमिक दोघांचं आहे. ते तू सांगायला जाऊ नकोस, सांगितलंस तर उगाच तुझ्याच माथी भांडकुदळपणा येईल. मग वरचं पान नऊ त्याच्याकडे संवादांसाठी दे आणि थांब. तो वाद घालेल, घालू दे, कडाक्याने घालू दे. वादाची भीती नाही. पुन्हा मुकाट्याने फाइल बदलली, किंवा ‘लग्नानंतर बघू’ म्हणाला, तर तारीख पुढे ढकल आणि कारण घरच्यांना उघड सांग. हॉलची आगाऊ रक्कम बुडेल, बुडू दे.

छपाईला देण्याआधी एका कागदावर दोघांनी सह्या करा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार संहिता त्याची आणि चित्रं तुझी, हे वेगळं लिहायची वेळ आली नाही तरी लिहा. कथाकल्पना दोघांची, छापलेल्या संवादात किंवा चित्रात बदल दोघांच्या लेखी होकाराशिवाय नाही, खर्च आणि विक्रीचे पैसे निम्मे-निम्मे, नवी गोष्ट करायची तर नायिका कुणी वापरायची तेही. मुखपृष्ठावर दोन्ही नावं एकाच आकारात. मुखपृष्ठ तूच काढणार आहेस, तेव्हा नावांची जागा आधी आख आणि मग चित्राला हात घाल.

– ताई